ओढा कुठवर येतो?

गेल्या मे महिन्यात एका स्नेह्यांबरोबर मावळात जागा बघायला गेलो होतो. अकरा गुंठे, मागे डोंगर, पुढे भातखाचरं आणि एका अंगाला ओढा. ओढा ठणठणीत कोरडा होता. जागा दाखवायला आलेला मुलगा म्हणाला, "सर, पावसाळ्यात या, नुसती झुळझुळ ऐकत बसाल." स्नेह्यांचं मन तिथं बसलंय हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. व्हरांडा कुठे, झोपाळा कुठे, हे त्यांनी मनात मांडूनही टाकलं होतं. मी ओढ्याच्या काठाकाठानं चालत गेलो. काठावरच्या एका करंजाच्या फांदीला वाळका पालापाचोळा, खताच्या गोणीची चिंधी आणि नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं घट्ट गुंडाळलेलं होतं, माझ्या खांद्याच्या उंचीवर. वाऱ्यानं उडून आलेला कचरा असा बसत नाही. हा सगळा फांदीच्या वरच्या अंगाला, कुणीतरी दाबून बसवल्यासारखा होता. आणि मी पात्रात उभा नव्हतो. चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या प्लॉटच्या हद्दीत उभा होतो.

डोंगराळ गावात ओढ्याकाठी घर बांधावं का, आणि बांधायचं तर कुठे, हा प्रश्न आज सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना आहे. घाटावर लोणावळा, मुळशी, भोर, महाबळेश्वर. खाली कोकणात चिपळूण, खेड, महाड, पोलादपूर. कुणी सुटीतलं घर म्हणून जागा घेतो, कुणी वडिलोपार्जित जागेत पडवी वाढवतो, कुणाला दुसरी जागाच परवडत नाही. या प्रश्नावर सरकारी नियम आहेत, अभियंत्यांची सूत्रं आहेत, इतर देशांतले नकाशे आहेत आणि गावकऱ्यांच्या आठवणी आहेत. हे सगळं चाळल्यावर माझं मत असं झालंय की आपण नदीसाठी बनवलेली मोजपट्टी ओढ्याला लावतो आणि तिथेच फसतो.

नदीचा पूर आणि ओढ्याचा पूर या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. कोल्हापूरकरांना विचारा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. लोक तासातासाला आकडे विचारत बसतात, जनावरं हलवतात, दुकानातला माल माळ्यावर चढवतात. २०१९ आणि २०२१ मध्ये त्या पाण्यानं अतोनात नुकसान केलं, पण ते चढताना दिसत होतं. ओढा एवढा वेळ देत नाही. समजा, उगमापासून आपल्या जागेपर्यंत ओढ्याची लांबी तीन किलोमीटर आहे आणि तेवढ्या अंतरात तो चारशे मीटर उतरतो. अभियंते वापरतात ते किरपिच यांचं जुनं सूत्र लावलं तर पाणलोटाच्या सगळ्यात लांबच्या टोकाचं पाणी आपल्या दारात यायला जेमतेम वीस मिनिटं लागतात. म्हणजे डोंगरमाथ्यावर सर कोसळायला लागली, तेव्हा खाली चहाचं आधण ठेवलं असेल, तर चहा पिऊन कप विसळेपर्यंत पूर आलेला असतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी वाढायला लागल्यापासून त्यांच्या हातात किती थोडा वेळ होता, हे ज्यांनी ती चित्रफीत पाहिली त्यांना विसरता येणार नाही.

म्हणूनच वर्तमानपत्रात येणारा पावसाचा आकडा इथे फारसा कामाचा नाही. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. नदीच्या आणि धरणाच्या दृष्टीनं हा आकडा भयंकर महत्त्वाचा. ओढ्याला मात्र त्या चोवीस तासांतली सर्वांत वाईट वीस मिनिटं महत्त्वाची, आणि दिवसातून एकदाच वाचल्या जाणाऱ्या पर्जन्यमापकाला ती वीस मिनिटं दिसतच नाहीत. हवामान खातं तासाला १०० मिलिमीटर पावसाला ढगफुटी म्हणतं. तेवढा पाऊस अर्धा तासच झाला तर दिवसाची नोंद ५० मिलिमीटरची, म्हणजे सह्याद्रीच्या मानानं अगदी किरकोळ दिसते. ओढा तेवढ्यात फुटलेला असू शकतो.

आता नियमांकडे येऊ. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नदीच्या दोन पूररेषा आखतो. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्गाची, यांतला जो मोठा त्याची पातळी. लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, आणि वर धरण असेल तर त्याच्या सांडव्याचाही त्यात विचार होतो. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे नियंत्रित क्षेत्र. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे नियंत्रित क्षेत्रात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच लागतं.

"शंभर वर्षांतून एकदा" या शब्दांनी मात्र फार घोटाळा केला आहे. लोकांना वाटतं, २००५ ला येऊन गेला, आता आपल्या हयातीत येत नाही. त्याचा खरा अर्थ असा की दर वर्षी तो पूर येण्याची शक्यता शंभरात एक असते, मागच्या वर्षी आला असला तरी. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा हिशेब करून बघा. त्या वीस वर्षांत शंभर वर्षांचा पूर किमान एकदा येण्याची शक्यता १८ टक्के. पंचवीस वर्षांचा पूर येण्याची शक्यता ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षाही वाईट. बँकेचा शेवटचा हप्ता फिटण्याआधी पाणी उंबऱ्याशी येऊन जाण्याचा संभव न येण्यापेक्षा जास्त, असं कुणी सरळ सांगितलं असतं तर निळ्या रेषेबद्दलची कुरकुर कमी झाली असती.

चिपळूणमध्ये ती कुरकुर झाली आणि तिच्यात तथ्यही होतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत गेलं. शहराच्या पोटातून वाहणारी शिव नदीही तिला मिळते. खाली दाभोळच्या खाडीची भरती, वर कोळकेवाडीचं धरण, पात्रात साचलेला गाळ आणि घाटमाथ्यावरचा अफाट पाऊस, यांतल्या कशाचा वाटा किती यावर वाद झाले. नंतर पूररेषांचा प्रश्न आला तेव्हा शहराचा फार मोठा भाग त्यांच्या आत असल्याचं लोकांच्या लक्षात आलं. आधी गाळ काढा, मग रेषा आखा, अशी मागणी झाली, उपोषण झालं. पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या शहरावर रेषा ओढणं आणि मोकळ्या जागेवर ओढणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्या ठिकाणी रेषा माणसाचं घर विकण्यालायक ठेवत नाही आणि त्याला दुसरं घरही देत नाही. दुसऱ्या ठिकाणी ती फक्त एवढंच म्हणते की अजून वेळ आहे, पलीकडे बांधा.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. या रेषा नद्यांवर आहेत. गावामागच्या ओढ्यावर, वहाळावर, पऱ्ह्यावर बहुतेक ठिकाणी त्या आखलेल्याच नाहीत. मग खरेदीच्या वेळी "पूररेषेत येत नाही" असं जे सांगितलं जातं त्याचा अर्थ एवढाच की तिथं कुणी मोजलेलं नाही. दुसरं म्हणजे आपली रेषा फक्त पाण्याची उंची सांगते, वेग सांगत नाही. सपाटीवरच्या नदीला तेवढं पुरतं. डोंगरातल्या ओढ्याला पुरत नाही, कारण पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. घोट्याच्या थोडं वरपर्यंत आलेलं वेगवान पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं आणि फूटभर पाणी लहान मोटार हलवतं.

डोंगरात राहणाऱ्या इतर लोकांनी यावर काय केलं ते पाहण्यासारखं आहे. स्वित्झर्लंडमध्ये धोक्याचे नकाशे बनवताना मीटरांतली खोली आणि सेकंदाला मीटरांतला वेग यांचा गुणाकार करतात. खोली दोन मीटरपेक्षा जास्त किंवा गुणाकार दोनपेक्षा जास्त असेल तर तो पट्टा लाल, म्हणजे नवं बांधकाम नाही. अर्धा ते दोनच्या मधला पट्टा निळा, म्हणजे अटी घालून बांधकाम. रंग आपल्या उलट आहेत हे ध्यानात ठेवावं, कारण आपल्याकडे निळ्याच्या आत मनाई असते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातलं बोल्डर हे गाव रॉकी पर्वताच्या तोंडाशी, एका ओढ्याच्या काठावर वसलेलं. ३१ जुलै १९७६ ला त्याच डोंगररांगेतल्या बिग थॉम्प्सन दरीत चार-पाच तासांत सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडला आणि १४० हून जास्त माणसं गेली. त्या राज्यातल्या दऱ्यांमध्ये पुढे रस्त्याकडेला पाट्या लागल्या: पूर आला तर गाडी सोडा आणि डोंगर चढा. आपल्या वरंध आणि ताम्हिणी घाटांतही अशा पाट्या हव्यात असं मला मनापासून वाटतं. बोल्डरनं पुढे "अतिधोक्याचा पट्टा" ठरवला. जिथे पाणी चार फूट खोल जाईल, किंवा फुटांतली खोली आणि फुटांतला वेग यांचा गुणाकार चारच्या वर जाईल, तिथे माणसांच्या राहण्यासाठी नवी इमारत बांधायची नाही. भूगोलाचे अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट याच गावात राहायचे. पुराचं पाणी निसर्गाचं असलं तरी नुकसान बरंचसं माणूस स्वतः ओढवून घेतो, भिंत बांधली की तिच्या आडोशाला आणखी घरं होतात आणि भिंत ओलांडून पाणी आलं की पहिल्यापेक्षा मोठा विध्वंस होतो, हे त्यांनी १९४० च्या दशकापासून मांडलं. त्यांच्या स्मरणार्थ ओढ्याकाठी एक खांब उभा केलाय आणि त्यावर कुठल्या पुरात पाणी कुठवर येईल याच्या खुणा आहेत. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या दारात अशा खुणेला किती खर्च येईल?

त्याच बोल्डरची आणखी एक गोष्ट मला फार शिकवून गेली. सप्टेंबर २०१३ मध्ये तिथे आठवडाभरात सुमारे ४३० मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे जवळजवळ वर्षाचा. पावसाच्या मानानं ही हजार वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट असल्याचं हवामानशास्त्रज्ञांनी सांगितलं. ओढ्यातलं पाणी मात्र पंचवीस ते पन्नास वर्षांच्या पुराएवढंच वाढलं, कारण पाऊस अनेक दिवसांत पसरून पडला. त्याच पाण्यानं डोंगरउतारावरच्या घरांत, ओढ्यापासून लांब, धोंडे आणि चिखल आणून भरला. म्हणजे पावसाचा विक्रम आणि पुराचा विक्रम एकच असतो असं नाही, आणि धोका फक्त ओढ्याच्या पात्रातून येतो असंही नाही.

मावळातल्या त्या जागेकडे परत जातो, कारण हिशेब जागेवरच करायला हवा. ओढ्याचं पात्र पाच मीटर रुंद, काठ दीड मीटर उंच, उतार शंभरात तीन. धोंड्यांच्या पात्रातून पाणी सेकंदाला तीन-सव्वातीन मीटरनं वाहील असं धरलं, तर काठोकाठ भरल्यावर त्यातून सेकंदाला पंचवीस घनमीटर पाणी जाईल. आता वरून किती येईल? टोपोशीटवर ओढ्याच्या डोक्यावरच्या दांडांची रेघ मिळवून पाणलोट मोजला, तो तीन चौरस किलोमीटरच्या आसपास भरला. ओल्या, खडकाळ, उभ्या उतारावरचं शंभरातलं ऐंशी पाणी खाली येतं असं समजून तासाला ८० मिलिमीटरच्या वेगानं पाऊस धरला तर ५३ घनमीटर. वीस मिनिटांच्या सरीला १२० चा वेग अशक्य नाही. तो धरला तर ८०. आणि आपल्या मातीतलंच एक सूत्र आहे. पुण्यातल्या जलसंशोधन केंद्राचे प्रमुख राहिलेले क्लॉड इंग्लिस यांनी जुन्या मुंबई इलाख्यातल्या घाटमाथ्याच्या नद्यांच्या मोठ्यात मोठ्या पुरांवरून ते बसवलं. त्यात तीन चौरस किलोमीटर घातले तर उत्तर येतं सुमारे १००.

पंचवीस मावतील अशा पात्रात ५३, ८० आणि १००. यातला नेमका कुठला आकडा खरा यावर वाद घालत बसायचं कारण नाही, तिन्ही काठाबाहेर जातात. केंद्रीय जल आयोगानं देशाचे पाऊसपाण्याच्या दृष्टीनं उपविभाग पाडून पुराच्या अंदाजाच्या पुस्तिका काढल्या आहेत, कोकण-मलबार किनाऱ्याची वेगळी आहे. पण त्यांचा भर पंचवीस चौरस किलोमीटर आणि त्यापुढच्या पाणलोटांवर आहे. तीन चौरस किलोमीटरचा ओढा त्यातही बसत नाही. म्हणून कुणी अभियंता एकच आकडा दोन दशांशांपर्यंत लिहून देत असेल तर त्याला विचारावं, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान अंदाज किती? जो हे सांगू शकतो त्याच्यावर विश्वास ठेवावा.

आणि जागेच्या खालच्या अंगाला, रस्ता ओढा ओलांडतो तिथे, मोरी होती. नऊशे मिलिमीटरचे दोन सिमेंटचे पाइप. दोन्ही मिळून भरून वाहिले तरी त्यातून चार घनमीटरच्या आसपास पाणी जाईल. एका पाइपच्या तोंडाशी उन्हात पांढरा पडलेला ओंडका आडवा अडकलेला होता. पन्नास घनमीटर पाणी त्या मोरीशी आलं की रस्त्याचा भराव हाच बांध होतो आणि मागे तळं साचतं, म्हणजे नेमकं त्या अकरा गुंठ्यांत.

सूत्रांपेक्षा जमीन जास्त बोलते, पण तिला नीट वाचावं लागतं. फांदीवरचा तो कचरा बघून मी आधी खांद्याएवढं पाणी धरलं होतं. ते चुकीचं होतं. पुरात फांदी वाकते, तिच्यावर कचरा चढतो आणि पाणी ओसरलं की ती पुन्हा वर येते. म्हणून खोडावरची खूण शोधायची. त्याच करंजाच्या खोडावर, वरच्या अंगाला, सालीच्या भेगांत वाळलेल्या चिखलाचा थर होता, तो कमरेच्या थोडा खाली संपत होता. साधारण ०.९ मीटर. वेग सेकंदाला दोन मीटर धरला तरी गुणाकार १.८. स्वित्झर्लंडच्या मापानं निळ्या पट्ट्याच्या अगदी वरच्या टोकाला आणि बोल्डरच्या मर्यादेच्या जवळपास पाचपट.

आणखी काय बघायचं? दगड. ओढ्यापासून लांब, गवतात गोलसर धोंडे असतील तर ते तिथं कुणीतरी आणून टाकलेले असतील किंवा पाण्यानं. प्रवाहानं ठेवलेले दगड कौलांसारखे एकमेकांवर रेललेले दिसतात, सगळे एकाच दिशेला. त्यातल्या सगळ्यात मोठ्या दगडाला हात लावून बघावा, हा हलवायला किती पाणी लागलं असेल असा विचार करावा. झाडंही सांगतात. शेरणी आणि वाळुंज पाण्याच्या वाटेवरच वाढतात. ती जिथवर आहेत तिथवर ओढा स्वतःचं घर समजतो. जुनी उंबरं, जांभळं उभी आहेत तिथं जमीन बरीच वर्षं टिकलेली आहे, पण त्यांची मुळं एका बाजूनं उघडी पडली असतील तर काठ मागे सरकतोय हे समजावं.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे ओढा डोंगर सोडून सपाटीवर उतरतो तो पंख्यासारखा पसरलेला मऊ उतार. बांधायला सोपा, पाणी जवळ, नजर लांबवर. तो उतार ओढ्यानंच, आधीच्या पुरांतून धोंडे-माती आणून घातलेला असतो, आणि ओढा त्याच्यावरून आपली वाट कधीही बदलू शकतो. ५ ऑगस्ट २०२५ ला उत्तराखंडात धरालीवर खीरगाड कोसळली ती अशाच पंख्यावरच्या हॉटेलांवर आणि घरांवर. आसपासच्या पर्जन्यमापकांवर त्या दिवशी मोठा पाऊस नोंदलेला नव्हता. महाराष्ट्रातले पर्यटकही त्या भागात अडकले होते. तिथलं कल्पकेदार मंदिर पूर्वीच्या कुठल्या तरी पुरात गाडलं गेलेलं होतं आणि माणसांनी ते उकरून काढलेलं होतं. एवढी मोठी खूण गावाच्या मधोमध उभी होती. २०१३ मध्ये केदारनाथला मंदाकिनीनं जी वाट धरली तीही तिनं कधीकाळी सोडलेली जुनीच वाट होती, मधल्या काळात तिथं इमारती झाल्या होत्या.

सह्याद्रीत उत्तराखंडासारख्या हिमनद्या नाहीत, पण माती-धोंड्यांचा लोंढा इथंही येतो. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई भागात आणि २०२१ च्या जुलैत तळियेत दरडींनी माणसं गाडली. दरड ओढ्यात पडली की पाणी तुंबतं आणि बांध फुटला की एकदम सुटतं. म्हणून धो धो पावसात ओढ्याचा आवाज अचानक कमी झाला, पाणी उतरलं, तर ती सुटका समजू नये. घर सोडून बाजूच्या उंचवट्यावर जावं.

वरच्या अंगाला माणसानं काय करून ठेवलंय, हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. लहानसं मातीचं धरण, पण खालची वाडी वाहून गेली आणि वीसएक माणसं गेली. आपल्या ओढ्यावर वर एखादं तळं, पाझर तलाव, सिमेंटचा बंधारा आहे का, त्याचा सांडवा मोकळा आहे का, हे चालत जाऊन बघावं. नकाशावर तो निळा ठिपका असतो. प्रत्यक्षात बांधावर झाडं वाढलेली आहेत का, ओल झिरपतेय का, हे पायांनीच कळतं.

पुण्याचा आंबिल ओढा तर या विषयाचा अख्खा पाठ आहे. कात्रजच्या डोंगरात उगम, वाटेत पेशव्यांनी बांधलेला तलाव, ज्यातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं होतं, आणि पुढे वस्तीतून वाहत मुठेला मिळणं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दक्षिण पुण्यावर पाऊस कोसळला आणि हा ओढा भिंती फोडून सोसायट्यांत, झोपड्यांत, पार्किंगमध्ये घुसला. अरण्येश्वरच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. पात्र जागोजागी आवळलेलं, वळणं सरळ केलेली, वर डोंगरउतारांवर बांधकामं झाल्यानं पाणी मुरायला जागा नाही. वरच्या बाजूला भिंत बांधली की तिथलं पाणी खालच्याच्या अंगणात जास्त वेगानं जातं. एकाची सुरक्षितता दुसऱ्याचा पूर होतो. आपल्या ओढ्यात चार किलोमीटर वर कुणी भिंत बांधतंय याची चौकशी आपण कधी करतो का?

त्या ओढ्याकाठचे लोक हौसेनं तिथं राहत नव्हते. शहरात काम आहे आणि भाडं परवडत नाही, म्हणून पाण्याच्या कडेला राहायचं, हा पर्याय म्हणायचा तर म्हणा. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळ पात्र रुंद करण्यासाठी घरं पाडायला सुरुवात झाली, ऐन पावसाळ्यात, आणि त्यावर मोठा संघर्ष झाला, न्यायालयानं स्थगिती दिली. ओढ्याला जागा हवी हे खरंच आहे. पण आधी घर द्यायचं की आधी पाडायचं, हा प्रश्न मागे ठेवून नुसती पूररेषा आखली की ती गरिबांच्याच अंगावरून जाते. झुळझुळ ऐकायला जागा घेणाऱ्यांना निवड असते. त्यांनी तरी चुकीची निवड करू नये, कारण त्यांचा भराव आणि त्यांची कंपाउंडची भिंत खालच्या वाडीत पाणी ढकलते.

कागदपत्रांचं थोडक्यात. सातबाऱ्यावर पोटखराब "ब" मध्ये काही क्षेत्र दाखवलं असेल तर ते बहुधा ओढा, रस्ता अशा सार्वजनिक गोष्टींखालचं असतं, ते विकत घेतलं तरी बांधायला मिळत नाही. गावनकाशावर ओढा कुठं काढलाय ते बघावं आणि आज जागेवर तो कुठं आहे ते बघावं. दोन्ही जुळत नसतील तर कुणीतरी तो सरकवलाय, ओढ्यानं स्वतः किंवा जेसीबीनं. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं काढून बघणंही फुकटात होतं. आणि शेजारच्या शेतकऱ्याला "पूर येतो का?" असं विचारू नये, त्याचं उत्तर "नाय, एवढा काय नाय" असंच मिळतं. "भात कधी वाहून गेलं होतं? बांध कितव्यांदा घातला? गुरं कुठं नेली होती?" असं विचारावं. आम्ही विचारलं तेव्हा त्या बाबांनी हातातल्या काठीनं बांधाचा एक टप्पा दाखवला, जो तीन वेळा नव्यानं घातला होता. तो आमच्या करंजाच्या रेषेतच होता.

एवढं करूनही बांधायचंच ठरलं, तर माझ्या मते अंतर हीच खरी सुरक्षा, उंची त्यानंतर. भराव घालून जोतं उचललं तर पाणी शेजाऱ्याकडे वळतं आणि भरावाचा पायथा वेगवान प्रवाह कुरतडतो. खांबांवर घर उचललं तर खालून पाणी जाऊ शकतं, पण खांबांचा पाया खडकापर्यंत हवा आणि खाली पुढे खोल्या काढून तो मोकळा भाग बंद करायचा मोह आवरला पाहिजे. विहीर आणि सेप्टिक टँक ओढ्याच्या बाजूला नकोत, कारण ओसरलेल्या पुरानंतर आजारपण तिथूनच सुरू होतं. विजेचा मीटर डोक्याच्या उंचीवर. विमा घ्यावा, त्यात पुराचा समावेश असतो, पण गेलेलं माणूस त्यात नसतं. आणि सगळ्यात आधी बघायचं ते घराबाहेर पडायची वाट. रात्री दोन वाजता, वीज गेलेली असताना, ओढा न ओलांडता उंचावर जाता येतं का?

स्नेह्यांनी त्या दिवशी काही ठरवलं नाही. घर वरच्या कोपऱ्यात, ओढ्यापासून तीसेक मीटर लांब बांधायचं, बाकी सात गुंठे झाडांना सोडायचे, असा एक विचार पुढे आला. तेवढ्या अंतरावर जमीन चांगली दोन मीटर उंच होती, चिखलाची खूण तिथवर नव्हती. हिशेबात ते बसत होतं. मग जुलैत, एका मोठ्या पावसानंतर, पुन्हा बघून घ्यावं म्हणून आम्ही निघालो. ओढा त्या दिवशी काठातच होता, लाल-तपकिरी आणि आवाज करत, पण काठातच. मोरीशी मात्र तो मेमधला ओंडका आणखी फांद्या जमवून पाइपच्या तोंडात घट्ट बसला होता आणि पाणी रस्त्यावरून मांडीएवढं वाहत होतं. आम्ही अलीकडे गाडी थांबवली आणि काचेतून बघत राहिलो. पलीकडे तो वरचा कोपरा दिसत होता, हिरवागार आणि कोरडा. तिथं जायला रस्ता एवढाच होता.